निवृत्तीची हलगी

एकदा, म्हणजे फार जुन्या काळी नव्हे, चार-पाच वर्षांमागेच, ओतकामाच्या भट्ट्यांच्या एका गावात चार तरुण मोठमोठ्याने ओरडून गात असत. त्या प्रकाराला पंक म्हणतात. सूर तीनच, वेग भयंकर आणि मनातला सगळा संताप गळ्यातून बाहेर. सवय नसलेल्याला वाटावे, शेजारी भांडण जुंपले आहे. मलाही तसेच वाटले होते आणि मी खिडकी लावून घेतली होती. या मंडळींनी आपल्या बँडचे नाव ठेवले होते ‘राखुंडी’. त्यातला गाणारा इंद्रजित आणि ड्रम वाजवणारा म्हादू. ही गोष्ट त्या इंद्रजितची आहे, आणि त्याला हलगी शिकवणाऱ्या एका वृद्धाची.

म्हादूचा थोरला भाऊ दिगंबर एका कारखान्यात चार नंबरच्या भट्टीवर कामाला होता. एका सकाळी ती भट्टी फुटली आणि दिगंबर जागीच गेला. कारखान्याच्या लोकांनी सांगितले, चूक त्याचीच होती. त्याची अंत्ययात्रा निघाली तेव्हा पुढे हलगी वाजवत तातोबा चालले होते. वय सत्तरीच्या पुढे, अंग वाळलेले, पण त्या भागात मयताची हलगी वाजवावी तर तातोबांनीच, असा त्यांचा लौकिक होता. कुणीतरी ती हलगी फोनवर टिपून घेतली. पुढे या पोरांनी एका गॅरेजात बसून अकरा दिवसांत आठ गाणी केली आणि शेवटच्या गाण्याच्या शेवटी, तातोबांना विचारून, ती हलगी जशीच्या तशी ठेवली. रेकॉर्डचे नाव दिले ‘चार नंबर’.

आणि काय सांगावे, ती रेकॉर्ड गाजली. मोठ्या शहरांतल्या जाणकारांनी तिच्यावर रकानेच्या रकाने लिहिले. ज्यांनी जन्मात भट्टी पाहिली नव्हती अशा माणसांच्या तोंडी दिगंबरचे नाव गेले. मीही अखेर खिडकी उघडून ऐकली, आणि ऐकून झाल्यावर बराच वेळ मला उठवेना.

तेव्हापासून इंद्रजित दर गुरुवारी तातोबांकडे हलगी शिकायला जाऊ लागला. हलगी म्हणजे कड्यावर ताणलेले कातडे. वाजवण्याआधी ती विस्तवावर शेकावी लागते, तेव्हा कातडे ताठ होते आणि बोलू लागते. कुस्तीच्या फडात ती एक तऱ्हेने वाजते, लग्नात दुसऱ्या तऱ्हेने. मयताची हलगी मात्र तातोबांनी त्याला शिकवली नाही, नुसती तिची रीत सांगितली. आधी गेलेल्याचे नाव विचारायचे. ते मोठ्याने घ्यायचे, मगच हलगी शेकायला धरायची. आणि वाजवून झाले की त्या घरी भाकरी-पिठले पोचवायचे, कारण त्या घरात त्या दिवशी चूल पेटलेली नसते. तातोबांच्या घराण्यात हे चार पिढ्या असेच चालत आलेले होते.

दुसऱ्या रेकॉर्डची वेळ आली आणि दुखणे सुरू झाले. शहरातल्या एका कंपनीने तारीख जाहीर करून टाकली. जो भेटेल तो इंद्रजितला सांगे, पहिलीसारखी होऊ दे. आता पहिलीसारखी करायची कशी? पहिली केली तेव्हा त्याला झोप नव्हती, अन्न गोड लागत नव्हते, दिगंबरच्या चपला म्हादूच्या दारात तशाच पडलेल्या होत्या. आता दोन वर्षे उलटली होती. लोक ओळखत होते, मान देत होते. राग अजूनही यायचा, पण तो आपला तुमच्याआमच्यासारखा, चहा गार झाला म्हणून येतो तेवढा. त्याने सात गाणी लिहिली आणि सगळ्यांसमोर गाऊन पाहिली. म्हादू काहीच बोलला नाही, आणि म्हादू बोलला नाही म्हणजे गाणी पडली, हे इंद्रजितला पक्के ठाऊक होते.

मग त्याला एक वाईट खोड लागली. सकाळी उठायचे, वर्तमानपत्राचे आतले पान उघडायचे आणि बोट फिरवत शोधायचे, कुठे छत कोसळले, कुठे टाकीत उतरलेले गुदमरले, कुठे कोण गेले. वाचून त्याला हळहळ वाटे, नाही असे नाही. पण त्या हळहळीच्या खाली आणखी एकजण दबा धरून बसलेला असे आणि तो विचारी, ह्याचे गाणे होईल का? अहो, असा एकजण तुमच्यामाझ्यातही बसलेला असतो. आपल्याकडे कुणी गाणी मागत नाही, म्हणून आपली अब्रू शाबूत आहे.

अशात एका मंगळवारी गावातल्याच एका भट्टीवर लोखंडाचा रस ओतताना तो ओल्या वाळूवर सांडला. ओलीवर तापला रस पडला की स्फोटच होतो. निवृत्ती नावाचा कामगार छातीपासून पायांपर्यंत भाजला आणि त्याला सरकारी दवाखान्यात नेले. इंद्रजितला फोन आला तेव्हा तो दाढी करत होता. ऐकताक्षणी त्याला जे वाटले तो आनंद होता. त्याला दुसरे काहीतरी नाव देण्याचा त्याने पुढे पुष्कळ प्रयत्न केला, पण जमले नाही.

दुपारपर्यंत गाणे लिहून झाले. चांगले झाले, खोटे कशाला बोला, फारच चांगले झाले. गाण्यात निवृत्ती ज्वाळांतून चालत जात होता आणि मागे वळून साऱ्या गावाला शाप देत होता. बुधवारी चाल बसली. गुरुवारी रेकॉर्डिंग संपवून आधीच्या सात गाण्यांसकट सगळे शहरात पाठवायचे होते, तारखेला आठवडाच उरला होता. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले होते, गुरुवारचा दिवस निघणे कठीण. गाण्याला आता शेवट तेवढा हवा होता, आणि तो शेवट कोणता हे चौघांनाही ठाऊक होते.

गुरुवारी सकाळी इंद्रजित तातोबांकडे गेला. तातोबा गावाबाहेर ओढ्याकाठी राहत. त्यांच्याकडे फोन नव्हता, वर्तमानपत्र येत नव्हते. बाहेरची बातमी त्यांना शिष्याकडूनच कळे. इंद्रजितने सांगितले, भट्टीवरचा निवृत्ती गेला. देह पोलिसांच्या ताब्यात आहे, फार जळालाय, घरी आणणारच नाहीत, दवाखान्यातून परस्पर घाटावर नेतील. तुम्ही आमच्या खोलीवर येऊन वाजवा, तेवढेच त्याच्या नावाने होईल. वाटेने येताना त्याने हे सगळे जुळवले होते. मनाशी तो म्हणत होता, संध्याकाळपर्यंत हे खरेच होणार आहे, मी फक्त काही तास आधी बोललो.

तातोबांनी हातातली सुतळी खाली ठेवली.

“बिनहलगीचा न्यायचा व्हय माणसाला?” ते म्हणाले. “चल.”

खोलीत माइक लावलेले होते. म्हादू कोपऱ्यात बसला होता. त्यालाही निवृत्ती गेल्याचेच सांगितले होते, आणि त्याचे डोळे लाल झाले होते. तातोबांनी नाव विचारले. इंद्रजितने सांगितले. तातोबांनी ते मोठ्याने घेतले, पत्र्याच्या घमेल्यात विस्तव करून हलगी शेकली आणि वाजवायला सुरुवात केली. चार मिनिटे ते वाजवत होते. त्या चार मिनिटांत खोलीतल्या कुणाला आपले हात कुठे ठेवावेत कळेना. इंद्रजितच्या अंगावर काटा आला, आणि त्याच वेळी त्याला कळून चुकले की ही पहिलीपेक्षाही वरचढ झाली.

वाजवून झाल्यावर तातोबा घरून आणलेले गाठोडे उचलत म्हणाले, घर दाखव, भाकरी पोचवायची आहे. इंद्रजितला ही रीत माहीत होती, पण घाईत तो ती साफ विसरला होता. आता खरे बोलायची वेळ होती. तो बोलला नाही. घरी कुणी नसेल, सगळी दवाखान्यात असतील, असे मनाला समजावत तो पुढे चालू लागला.

घरी निवृत्तीची बायको होती. आक्काताई तिचे नाव. धुतलेली चादर आणि थर्मास न्यायला ती घटकाभर आली होती. तिने दार उघडले तो समोर तातोबा, खांद्याला हलगी, हातात भाकरीचे गाठोडे. त्या गावात याचा अर्थ तान्ह्या पोरालाही कळतो. चौकट धरून ती खाली बसली आणि हातातल्या बांगड्या उंबऱ्याच्या दगडावर आपटू लागली. दोन फुटल्या. तेवढ्यात शेजारीण धावत आली, तिने तिचा हात धरला आणि ओरडून सांगितले की आत्ताच फोन झाला, तो जिवंत आहे, त्याने चमचाभर पेज घेतली आहे.

तातोबांनी गाठोडे बाजूला ठेवले. सत्तरी ओलांडलेला तो माणूस त्या बाईपुढे वाकला आणि म्हणाला, माझी चूक झाली पोरी. इंद्रजितकडे त्यांनी पाहिलेही नाही. परतीच्या वाटेवर फक्त एवढे म्हणाले की रोज दवाखान्यात जायचे आणि निवृत्तीचे कसे आहे ते मला येऊन सांगायचे. त्या रेकॉर्डिंगबद्दल अवाक्षर नाही. ‘टाकून दे’ म्हणाले असते तर इंद्रजितचे काम सोपे झाले असते.

बाकीच्या तिघांना इंद्रजितने सांगितले की आपल्यालाच बातमी चुकीची मिळाली होती, आणि तो रोज दवाखान्यात जाऊ लागला. पहिले दोन दिवस काचेबाहेरूनच पाहायला मिळाले. आता जे सांगतो ते त्याने पुढे स्वतः कबूल केले म्हणून सांगतो. काचेबाहेर उभे राहून तो त्या माणसाच्या मरणाची वाट पाहत होता. हा आज गेला तर खोट्याचे खरे होईल, आपण मोकळे होऊ, असा सरळ हिशोब त्याच्या डोक्यात चाले. निवृत्तीची छाती वर-खाली होताना दिसली की त्याला राग येई, आणि तो राग दोन वर्षांत त्याला आलेला पहिला खराखुरा राग होता.

तिसऱ्या दिवशी आत सोडले. निवृत्तीचा चेहरा वाचला होता. तो हळू आवाजात बोलत होता, आणि त्याच्या बोलण्यात ना ज्वाळा होत्या, ना शाप. त्याची सायकल कारखान्याच्या फाटकाशी राहिली होती, तेवढी कुणी घरी नेऊन टाकेल का, ही त्याला चिंता. इंद्रजितने ती नेली, चाकात हवा भरून आक्काताईच्या दारात लावली. दुसऱ्या दिवशी निवृत्तीने विचारले, तूच न्हवं का दिगंबरचं गाणं करणारा? मग जरा थांबून म्हणाला, तुमचं गाणं लई मोठ्यानं असतं बाबा, भट्टीवर काय आवाज कमी असतो व्हय? आणि हसला. हसताना त्याला कळ आली, तरी हसला.

रेकॉर्ड निघायच्या आदल्या दिवशी कंपनीच्या माणसाचा फोन आला. काही बदल असेल तर आज सांगा, उद्या सगळीकडे जाईल, असे तो म्हणाला. इंद्रजित तेव्हा दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसला होता. एक शब्द पुरला असता. त्याने डोळे मिटले, ती चार मिनिटे त्याला जशीच्या तशी ऐकू आली, आणि तो म्हणाला, काही नाही, जाऊ दे.

दुसरी रेकॉर्ड निघाली, आणि पहिलीपेक्षा जास्त गाजली. पहिलीवर लिहिणाऱ्यांनी दुप्पट लिहिले. एका जाणकाराने लिहिले, शेवटच्या हलगीत मृत्यू प्रत्यक्ष ऐकू येतो. ज्याचा मृत्यू त्याला ऐकू आला, तो त्या दिवशी खाटेवर उशीला टेकून ताक पीत होता. इंद्रजितने ते लिहिलेले दवाखान्याच्या बाकावर बसून वाचले, फोन खिशात ठेवला आणि आत जाऊन निवृत्तीच्या पायाची पट्टी बदलताना नर्सला मदत केली. तोवर त्याचे मन फिरले होते. हा माणूस जगावा असे त्याला मनापासून वाटू लागले होते. त्या आठवड्यात तो जन्मात पहिल्यांदा देवळात गेला. तातोबांना रोज संध्याकाळी येऊन सांगे, आज बसला, आज चार घास खाल्ले. तातोबा ऐकून मान हलवत.

पंधराव्या दिवशी ताप आला. भाजलेल्या माणसाला पुढे पुढे जे होते तेच झाले, विष रक्तात भिनले. एकोणिसाव्या दिवशी पहाटे निवृत्ती गेला. इंद्रजित धावत तातोबांना सांगायला गेला. तातोबांनी सगळे ऐकून घेतले, डोक्याला धुतलेले पागोटे बांधले, हलगी खांद्याला लावली आणि निघाले.

देह घरी आणला होता. गल्ली माणसांनी भरली होती. कुणीतरी हलगी शेकण्यासाठी घमेल्यात विस्तव करून ठेवला होता. तातोबा आले, देहाच्या पाया पडले आणि तिरडीच्या पुढे जाऊन उभे राहिले. हलगी त्यांनी खांद्यावरून काढलीच नाही. लोक थांबले. विस्तवावर राख धरू लागली. म्हातारी माणसे एकमेकांकडे पाहू लागली, कारण तातोबा येऊन वाजवत नाहीत असे त्या गावात कधी घडले नव्हते. अखेर आक्काताईनेच विचारले.

“आबा, वाजवत का न्हाईसा?”

तातोबा जमिनीकडे पाहत उभे राहिले. ते उत्तर देणार नाहीत हे इंद्रजितला उमगले. उत्तर कुणी द्यायचे हेही उमगले. तो पुढे आला.

“त्यांनी वाजवलंय,” तो म्हणाला. “निवृत्तीदादा जिवंत होते तेव्हा. मी आबांना खोटं सांगितलं आणि गाण्यासाठी वाजवून घेतलं.”

म्हादूने त्याच्याकडे एकदा पाहिले आणि मान फिरवली. गर्दीतल्या एका पोराला वाटले आपण मदत करावी. तो म्हणाला, माझ्या फोनवर आहे ते गाणं, लावू का? वाईट हेतू नव्हता त्याचा. आक्काताईने त्या फोनकडे पाहिले, मग इंद्रजितकडे पाहिले.

“नको,” ती म्हणाली. “ते ह्या गाणाऱ्याचं हाय. चला, उचला.”

तिरडी उचलली. म्हादू पुढच्या खांद्याला होता. इंद्रजित खांदा द्यायला पुढे झाला, पण कुणी जागा केली नाही, म्हणून तो सगळ्यांच्या मागून चालत राहिला. घाट अर्ध्या तासाच्या वाटेवर होता. तेवढा वेळ फक्त चपलांचा आवाज होता, आणि मधूनच कुणाचा खोकला.

अग्नी देऊन लोक पांगल्यावर तातोबा नदीकाठच्या दगडावर बसले. इंद्रजित समोर उभा राहिला. तुम्ही का नाही वाजवलं, मला शिक्षा करायची होती तर मला करायची, त्या बाईला का, एवढेच त्याने विचारले. तातोबांचा आवाज चढला नाही.

“शिक्षा करणारा मी कोण? लगीन दोनदा वाजवीन, कुस्ती शंभरदा वाजवीन. मयत माणसाला एकदाच मिळतं, आनि ते त्याचं असतं. निवृत्तीचं त्या गुरवारी तुझ्या खोलीत वाजून झालं. आज परत वाजवलं असतं तर नुसता आवाज झाला असता. दिगंबर गेला तवा तू रडलास, आनि त्यातनं गाणं झालं. औंदा तुला गाणं पायजे हुतं, म्हणून माणूस गेलेला पायजे हुता. आवाज दोन्हीकडं सारखाच निघाला. तुला फरक कळला न्हाई, लोकांस्नी कळला न्हाई, आनि वाजवणारा मी, मलाबी कळला न्हाई. म्हणून म्या आता ही मयतासाठी शेकायची न्हाई.”

त्यांनी हलगी खांद्याला लावली आणि ओढ्याच्या वाटेने निघून गेले. त्यांनी शब्द पाळला. त्या गावात आता मयत मुक्यानेच निघते.

इंद्रजितने दुसऱ्याच दिवशी कंपनीला कळवले की शेवटच्या गाण्यातली हलगी काढून टाका. कंपनीने सौजन्याने उत्तर दिले, आता ते शक्य नाही, लाखो लोकांनी ते ऐकले आहे, कित्येकांनी उतरवूनही घेतले आहे. म्हादूने ड्रमच्या काठ्या ठेवून दिल्या आणि इंद्रजितशी तो पुन्हा बोलला नाही. इंद्रजित अजून गातो. कार्यक्रमात लोक ते गाणे मागतात, ओरडून मागतात. तो मान खाली घालून उभा राहतो, आणि ओरडणे थांबले की दुसरे गाणे सुरू करतो. घेतलेली प्रत्येक वस्तू परत करता येत नाही, हे त्याला पंचविशीत समजले. पुष्कळांना ते उतारवयात समजते.

आपल्या हातून एखादे चांगले काम दुःखातून घडते आणि जग म्हणते, आणखी एक असेच. तेव्हा त्या दुसऱ्या कामाला हात घालण्यापूर्वी एवढे एकदा पाहून यावे, आपण ज्याच्यासाठी रडायला बसलो आहोत तो अजून पाणी तर मागत नाही ना.